डिटेन्शन सेंटरमध्ये भेटीला जाताय? या चुका टाळा

लंडनच्या पश्चिमेकडे, स्लाउ आणि हाउन्स्लोमध्ये आता आपली मराठी घरं बरीच झाली आहेत. ८१ नंबरची बस दोन्हीकडून कोलनब्रुक बायपासवरून जाते. हीथ्रोच्या उत्तरेकडच्या धावपट्टीला लागूनच तारेच्या कुंपणाआड हार्मंड्सवर्थ आणि कोलनब्रुक ही डिटेन्शन सेंटर, म्हणजे परदेशी लोकांना अटकेत ठेवायच्या इमारती आहेत. व्हिसा संपलेले, आश्रयाचा अर्ज फेटाळलेले, शिक्षा भोगून झाल्यावर परत पाठवायचे म्हणून धरून ठेवलेले लोक तिथे असतात. त्यात भारतीयही असतात, आणि हिंदी बोलणारा माणूस समोर आला की त्यांचा चेहरा बदलतो. म्हणून आपल्यातले काही जण भेटीला जायला पुढे येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नऊ वर्षं जातोय आणि त्याच त्या चुका पाहतोय, त्यामुळे आता लिहूनच काढतो.

सगळ्यात मोठी चूक भाषेची, आणि ती आधी मी स्वतः केली आहे.

हरियाणाकडचा एक माणूस होता. गावात त्याच्यावर हल्ला झाला होता आणि आठवड्याभराने त्याने पोलिसांत तक्रार दिली होती. तक्रारीची प्रत त्याच्याकडे होती. त्याच्या सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, सोपं जावं म्हणून मी त्याची हकीकत इंग्रजीत लिहून दिली. हल्ला कधी झाला, असं विचारलं तर तो म्हणाला, "सावन लगे दो दिन हुए थे." मी घरी आलो, त्या वर्षीची दिनदर्शिका उघडली, श्रावणाचा दुसरा दिवस शोधला आणि तारीख लिहून टाकली. आपला श्रावण दिव्याच्या अमावास्येनंतर सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, म्हणून त्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी लागतो. माझी तारीख पंधरा दिवस पुढे गेली. कागदावर चित्र असं उभं राहिलं की माणसाने आधी तक्रार केली आणि मग त्याला मार पडला.

होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, उत्तरात नेमकं त्याच विसंगतीवर बोट होतं. सॉलिसिटरने पुढे पंचांगाचा फरक समजावून दुरुस्ती दाखल केली, पण त्यात सात आठवडे गेले आणि ते सात आठवडे त्याने आत काढले. तो माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो मात्र स्वतःच्याच आठवणीवर शंका घेऊ लागला. "मैंने ही ग़लत बोला होगा," असं प्रत्येक भेटीत म्हणायचा.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, अवतरणचिन्हांत लिहायचं. महिना, अंतर, जमिनीचं माप, नातं, काहीही बदलायचं नाही. हिंदीत काकाचा मुलगाही सहज 'भाई' होतो. तुम्ही सख्खा भाऊ समजून 'ब्रदर' लिहिलंत तर त्याच्या कुटुंबाच्या यादीत एक माणूस वाढतो आणि तो का लपवला होता, असा प्रश्न येतो. जबाबासाठी सॉलिसिटरकडून दुभाषा मागवा. आपल्याला हिंदी चांगलं येतं, हा आत्मविश्वास इथे घातक आहे, आणि मराठी माणसात तो भरपूर असतो.

दुसरी चूक उतावळेपणाची. नवा स्वयंसेवक दुसऱ्याच भेटीत विचारतो, "बेलचा, म्हणजे जामिनाचा, फॉर्म आपणच भरून टाकू या का? एका संध्याकाळचं काम आहे." फॉर्म भरणं सोपं आहे, हे खरंच. पण बाहेर राहायचा पत्ता नाही, पैशाची हमी द्यायला कोणी उभं नाही, अशा अवस्थेत केलेला अर्ज बहुधा फेटाळला जातो. एकदा फेटाळला की परिस्थितीत ठोस बदल झाल्याशिवाय पुढचे २८ दिवस नवा अर्ज सुनावणीपर्यंत पोचत नाही. तुमच्या त्या एका संध्याकाळची किंमत तो माणूस महिनाभर मोजतो. शिवाय सल्लागार म्हणून नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. असा झटपट मार्ग शोधणाऱ्यांची मला चीड येते, कारण त्यांना मदत करायची असते ती स्वतः लवकर मोकळं होण्यासाठी.

मी तीनच गोष्टी विचारतो: सॉलिसिटर आहे का, पत्ता आहे का, हमीला कोण आहे. सॉलिसिटर नसेल तर सेंटरमध्येच अर्ध्या तासाचा मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, त्यासाठी नाव नोंदवलंय का ते पाहतो. सुनावणी ठरली असेल तर आदल्या कामाच्या दिवशी दुपारी २ पर्यंत होम ऑफिसने आपली बाजू लेखी द्यायची असते. तो कागद हातात आला का आणि त्यात काही चुकीचं लिहिलंय का, हे त्याला वाचायला सांगतो. ही आठवण करून देणं माझं काम, त्यावर उत्तर लिहिणं वकिलाचं.

"किती दिवस लागतील?" याला कधीही आकडा सांगू नका. ब्रिटनमध्ये या कैदेला कायद्याने कमाल मुदतच नाही. तुरुंगातला माणूस दिवस मोजत कमी करतो, इथला नुसते वाढवत जातो. "होईल सगळं नीट" हे वाक्यही घरी ठेवून जा.

तुम्ही इथे कसे आलात, काय केलंत, असं विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल.

डबा नेऊ नका. लाडू, चकल्या, काही आत जात नाही. दारावरून परत येताना तुम्हालाही वाईट वाटतं आणि त्यालाही कळतं. द्यायचंच असेल तर त्याच्या फोनचा टॉप-अप भरा. आतल्या कामाला तासाला १ पाउंड मिळतो, त्यात हरियाणाला फोन किती होणार?

ओळखपत्र मूळच न्या. भेट आधी बुक करा.

झोप लागत नाही, पूर्वी छळ झाला होता, जगावंसं वाटत नाही, असं काही कानावर आलं तर ते पोटात ठेवू नका. सेंटरच्या डॉक्टरने अशा बाबतीत डिटेन्शन सेंटरच्या नियमावलीतल्या नियम ३५ खाली होम ऑफिसला कळवायचं असतं, आणि त्या अहवालाने पुष्कळदा सुटकेचा विचार तरी होतो. त्याला डॉक्टरची वेळ मागायला सांगा, त्याच्या परवानगीने सॉलिसिटरला कळवा. जिवाचाच प्रश्न असेल तर परवानगीची वाट न बघता, निघण्याआधी तिथल्याच कर्मचाऱ्याला सांगा.

घरातून निघण्यापूर्वी त्याला फोन करा. माणसं रातोरात हलवली जातात. कोलनब्रुकला भेटलेला माणूस आठवड्याने गॅटविकजवळच्या ब्रुक हाउसमध्ये असू शकतो, किंवा विमानात. म्हणून त्याचा होम ऑफिसचा संदर्भ क्रमांक पहिल्याच भेटीत वहीत उतरवून घ्या. नुसत्या 'सिंग' किंवा 'कुमार' वरून कोणी शोध लावून देत नाही.

आणि "पुढच्या आठवड्यात येतो" हे सवयीने म्हणू नका. आपल्याकडे दारातून निघताना "येतो" म्हणायची रीत आहे, तो निरोप असतो. आत बसलेला माणूस ते वचन म्हणून ऐकतो. एक विद्यार्थी असाच मंगळवारी येतो म्हणून गेला आणि परीक्षेमुळे आला नाही, कळवलंही नाही. पुढच्या मंगळवारी मी गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी मला सांगितलं, भेट असली की ते आदल्या रात्री सदरा धुऊन वाळत घालतात आणि सकाळी दाढी करतात. मी आता वही उघडून पाहिल्याशिवाय वार सांगत नाही. जमणार नसेल तर सोमवारी दुपारीच फोन करतो, त्यांनी सदरा भिजवायच्या आत.