कंपायलर बदलला आणि प्रोग्राम बिघडला: चूक कुणाची हे कसं शोधायचं

सी भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी मी सांभाळते. तिचं काम एवढंच, की मोजमापांच्या नोंदी ठरलेल्या साच्यात फाइलीत लिहायच्या आणि पुन्हा वाचून द्यायच्या. एप्रिल २०२५ मध्ये जीसीसी या कंपायलरची (लिहिलेल्या कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) १५.१ ही आवृत्ती आली, मी ती बसवली आणि पहिल्याच फेरीत एक चाचणी नापास झाली. फाइलीच्या शेवटी लिहिला जाणारा चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) दर वेळी वेगळा येत होता. त्या कोडला मी दोन वर्षांत हातही लावला नव्हता. बदलला होता फक्त कंपायलर.

तीन दिवस मी कंपायलरमधला दोष शोधत बसले. उत्तर बदलांच्या यादीत सुरुवातीलाच एका छोट्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. तो इथे देते आहे, कारण नवा कंपायलर घेताना यादी न वाचणारे आणि बिघाड झाल्यावर लगेच तक्रार नोंदवणारे, दोघांचाही वेळ जातो. आणि कंपायलर दुरुस्त करणाऱ्यांचाही.

आधी आकडा वाचा, मग यादी

जीसीसीमध्ये १५.१ ही त्या मालिकेची पहिली आवृत्ती असते. १५.२, १५.३ या दुरुस्तीच्या आवृत्त्या. त्यांत नवं काही येत नाही, आधी चालणारं जे मोडलं होतं ते प्रामुख्याने पूर्ववत केलं जातं. एलएलव्हीएमने (क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरचा पाया) २०२४ पासून हीच रीत घेतली, म्हणून १८ च्या मालिकेची सुरुवात १८.१.० पासून झाली. रस्ट या भाषेचा कंपायलर दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतो आणि गरज पडली तर मधेच तातडीची दुरुस्ती देतो. मे २०२१ मधली १.५२.१ तशी होती. इन्क्रिमेंटल कंपायलेशनमधल्या (फक्त बदललेला भाग पुन्हा बांधण्याच्या सोयीतल्या) दोषांमुळे त्या आवृत्तीत ती सोयच तात्पुरती बंद ठेवली गेली. त्यामुळे शेवटचा आकडा बदलला असेल तर मी फारसा विचार न करता आवृत्ती घेते. पहिला बदलला असेल तर एक संध्याकाळ राखून ठेवते.

त्या संध्याकाळी नव्या सोयींची यादी नंतर वाचायची. आधी वाचायचं ते ‘जुना कोड नव्या आवृत्तीवर आणताना’ हे स्वतंत्र पान. जीसीसीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर ते असतं आणि बहुतेक जण ते उघडतच नाहीत. त्यात काय वजनाचं असतं ते पाहा. जीसीसी १० पासून एकच ग्लोबल चल दोन फाइलींत ‘एक्स्टर्न’ न लिहिता जाहीर केलं की लिंकर (बांधलेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम) दुहेरी व्याख्येची तक्रार करू लागला. मे २०२४ च्या १४ मध्ये, जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं आणि न जुळणारे पॉइंटर एकमेकांना देणं, हे नुसत्या इशाऱ्यावरून थेट त्रुटीवर गेलं. १५ मध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर सी भाषेचं सी२३ हे मानक धरलं जाऊ लागलं, त्यामुळे फंक्शनच्या जाहीरनाम्यातल्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीही घेतं’ असा न राहता ‘काहीच घेत नाही’ असा झाला आणि ‘बूल’ हा शब्द राखीव झाला. हे सगळे बदल निदान ओरडून सांगतात, बिल्ड थांबतो.

माझा बदल ओरडला नाही. माझ्या नोंदीचं शीर्षक एक युनियन होतं, म्हणजे सगळे सदस्य मेमरीतल्या एकाच जागेत ठेवणारा प्रकार. त्याचा पहिला सदस्य एका बाइटचा, दुसरा सोळा बाइटांचा. फंक्शनच्या आत मी ते महिरपी कंसात शून्य देऊन सुरू करत होते आणि सोळाही बाइट शून्य झाले असं धरून चेकसम काढत होते. जीसीसी वर्षानुवर्षं तसं करतही होता. १५ पासून त्या लिखाणाने पहिला सदस्य शून्य होण्याचीच हमी उरली. बाकीच्या पंधरा बाइटांत स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधी जे पडलेलं असेल ते. स्टॅटिक चलांना हा बदल लागत नाही, म्हणून माझ्या निम्म्या चाचण्या पास होत होत्या आणि मी आणखी गोंधळले. दुरुस्ती एका अक्षराची होती. शून्य काढून महिरपी कंस रिकामा ठेवला. जुनी वागणूक परत हवी असेल तर ‘एफ-झीरो-इनिट-पॅडिंग-बिट्स’ या पर्यायाला ‘युनियन्स’ हे मूल्य देता येतं, पण मी कोडच सुधारला.

दुरुस्त्यांची यादी चाळताना

एका आवृत्तीत शेकडो दुरुस्त्या असतात. सगळ्या वाचणं शक्य नाही आणि गरजही नाही. जीसीसीच्या दोषनोंदींवर ठरावीक खुणा असतात, त्यांवरून मी चाळते. ‘राँग-कोड’ ही खूण असलेली प्रत्येक नोंद, जी माझ्या प्रोसेसरसाठी आणि मी वापरते त्या ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) पातळीसाठी आहे, ती मी शीर्षकापलीकडे जाऊन वाचते. हा दोष म्हणजे बरोबर प्रोग्रामचं चुकीचं यंत्रभाषेत रूपांतर, तेही मुकाट्याने. ‘आइस’ ने सुरू होणाऱ्या खुणा म्हणजे कंपायलर स्वतःच कोसळला. दिसायला भयंकर, पण त्यातून चुकीचा प्रोग्राम बाहेर पडत नाही, म्हणून मी त्या मागे ठेवते. ‘रिजेक्ट्स-व्हॅलिड’ म्हणजे योग्य कोड नाकारला. तो आपल्याला लागू असता तर बिल्ड कधीच अडला असता. ‘मिस्ड-ऑप्टिमायझेशन’ फक्त वेगाची काळजी असेल तर.

राँग-कोडची नोंद वाचताना एक प्रश्न विचारायचा: हा दोष कोणत्या आवृत्तीपासून होता? तो तुम्ही आज वापरता त्या आवृत्तीतही असेल, तर आवृत्ती वाढवणं हाच सुरक्षित मार्ग आहे. ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणून जुन्या कंपायलरवर थांबणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

दोन्ही कंपायलर शेजारी ठेवा

जुना काढून नवा बसवू नका. नवा वेगळ्या डिरेक्टरीत ठेवा आणि चार बिल्ड करा: जुना आणि नवा, प्रत्येकी ओ० (ऑप्टिमायझेशन जवळजवळ बंद) आणि ओ२ (नेहमीचं ऑप्टिमायझेशन) पातळीवर. नवा ओ० वर चुकला तर बहुधा भाषेच्या नियमांतला किंवा न सांगता धरल्या जाणाऱ्या पर्यायांतला बदल आहे, त्या स्वतंत्र पानाकडे परत जा. फक्त ओ२ वर चुकला तर ऑप्टिमायझेशनचा संबंध आहे. मे २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून ओ२ वरही लूपचं व्हेक्टरायझेशन (एका आज्ञेत अनेक मूल्यांवर काम) सुरू झालं. त्याआधी ते ओ३ वर होत असे. चुकीच्या अलाइनमेंटचे (प्रकाराला चालेल अशा पत्त्यावर नसलेले) पॉइंटर वापरणारा कितीतरी जुना कोड तेव्हा पहिल्यांदा उघडा पडला.

आता संशय आधी स्वतःवर घ्यायचा. सगळे इशारे चालू करून बिल्ड. मग ॲड्रेस आणि अनडिफाइंड हे दोन सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या, कंपायलरने घातलेल्या तपासण्या) लावून चाचण्या. मग त्यांच्याशिवाय, व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली. ही तिसरी पायरी गाळू नका. माझ्या युनियनच्या वेळी दोन्ही सॅनिटायझर गप्प होते, कारण सुरू न केलेली मेमरी वाचणं हे त्या दोघांचं कामच नाही. व्हॅलग्राइंडने पहिल्या फेरीत नेमकी ओळ दाखवली.

त्यानंतर ‘एफ-रॅपव्ही’ आणि ‘एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग’ हे दोन पर्याय देऊन पुन्हा ओ२. पहिल्याने चिन्हांकित पूर्णांक ओलांडला की गोल फिरतो असं कंपायलर मानतो. दुसऱ्याने वेगवेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवू शकतात असं मानतो. यांपैकी एकाने बिघाड गेला तर चूक जवळजवळ नक्की आपली. नेहमीचं उदाहरण: क्ष + १०० < क्ष असेल तर ओव्हरफ्लो झाला, अशी तपासणी. चिन्हांकित संख्येचा ओव्हरफ्लो भाषेत अव्याख्यात आहे, म्हणजे त्याचा निकाल काय हे भाषेने ठरवलेलंच नाही, म्हणून ही अट कधीच खरी नाही असं धरून कंपायलर ती काढून टाकतो. त्याला तसा अधिकार आहे. बेरीज करण्याआधी क्ष कमाल मूल्याच्या किती जवळ आहे ते तपासा.

एवढं करूनही बिघाड उरला तर

तर तो खरोखर कंपायलरचा असू शकतो. असे दोष असतात. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी यादृच्छिक सी प्रोग्राम तयार करणारं सीस्मिथ हे साधन वापरून कंपायलरांमध्ये सव्वातीनशेहून जास्त अज्ञात दोष शोधले आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मलाही एकदाच असा दोष सापडला, दुसऱ्याच एका कंपायलरमध्ये, आणि तो शोधतानाच मी पुढचं शिकले.

आधी फाइल शोधा. माझ्या लायब्ररीत ४६ फाइली. निम्म्या जुन्या कंपायलरने, निम्म्या नव्याने बांधून एकत्र लिंक करायच्या. सीमध्ये हे खुशाल चालतं, फक्त लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. बिघाड कोणत्या निम्म्यात आहे ते पाहून पुन्हा अर्धे करायचे. सहा फेऱ्यांत एक फाइल उरली. मग तिच्यातल्या एकेका फंक्शनवर ऑप्टिमायझेशन बंद करण्याची खूण लावून दोषी फंक्शन. क्लँगमध्ये याहून पुढे जाता येतं: ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ला आकडा दिला की तेवढेच ऑप्टिमायझेशनचे टप्पे चालतात, आणि आकडा निम्मा-निम्मा करत बिघडवणारा टप्पा हाती लागतो.

मग त्या फाइलीचं प्रीप्रोसेस केलेलं (सगळ्या हेडर फाइली आणि मॅक्रो उलगडलेलं) रूप घ्या, ‘सेव्ह-टेम्प्स’ दिलं की ते जागेवर राहतं. माझं चार हजार ओळींचं होतं. ते लहान करायला सी-रिड्यूस किंवा सी-व्हाइज ही साधनं वापरायची. ही साधनं ओळी, वाक्यं, प्रकार एकेक करून काढत जातात आणि दर वेळी तुमच्या स्क्रिप्टला विचारतात, ‘बिघाड अजून आहे का?’ स्क्रिप्टने शून्य परत केलं की बदल ठेवतात, नाहीतर मागे घेतात.

सगळी कसोटी या स्क्रिप्टची आहे. माझी पहिली स्क्रिप्ट एवढंच पाहायची, की ओ० आणि ओ२ ची उत्तरं वेगळी येतात. तासाभराने हातात सहा ओळी आल्या. मी आनंदाने त्या पाहिल्या, तर त्यांत सुरूच न केलेलं एक चल छापलं जात होतं. ओ० आणि ओ२ ची उत्तरं तिथे वेगळी येणारच. साधन माझ्या दोषापासून घसरून अव्याख्यात वर्तनाकडे गेलं होतं, कारण मी त्याला अडवलं नव्हतं. दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये मी क्रमाने अटी घातल्या: सुरू न केलेलं चल, परत न केलेलं मूल्य आणि जाहीर न केलेलं फंक्शन यांचे इशारे त्रुटी मानायचे, दोन्ही सॅनिटायझरखाली प्रोग्राम निमूट संपला पाहिजे, जुन्या कंपायलरच्या ओ२ वर उत्तर नेमकं ७ आलं पाहिजे, नव्याच्या ओ० वरही ७, आणि नव्याच्या ओ२ वर ७ येता कामा नये. प्रत्येक वेळेला कालमर्यादाही घातली, कारण लहान होताना प्रोग्राम अनंत लूपमध्ये सहज अडकतो. रात्रभरात २३ ओळी उरल्या. व्हॅलग्राइंडखालीही त्या स्वच्छ निघाल्या.

कंपायलरचा स्रोत हाताशी असेल तर ‘गिट बायसेक्ट रन’ लावा. ते नोंदवलेल्या बदलांची (कमिटांची) यादी अर्धी-अर्धी करत, बिघाड कोणत्या बदलापासून दिसतो ते शोधतं. आठ हजार कमिटांत तेरा बिल्ड पुरतात. फक्त सीचा कंपायलर बांधा, जीसीसी असेल तर बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधणं) बंद ठेवा, आणि मधलं एखादं कमिट बांधलंच गेलं नाही तर स्क्रिप्टने १२५ परत करावं, म्हणजे ते वगळलं जातं. मात्र सापडलेलं कमिट दोषी आहे असं अहवालात लिहू नका. ‘या कमिटपासून दिसतं’ एवढंच लिहा. माझ्या बाबतीत चूक बऱ्याच जुन्या टप्प्यात होती. नव्या कमिटने तिथे पोहोचणारा कोड बदलला, म्हणून ती वर आली.

अहवाल आणि त्यानंतर

आधी तोच दोष कुणी नोंदवला आहे का ते शोधा, आणि विकासशाखेच्या ताज्या बिल्डवर तो अजून आहे का ते पाहा. मग आवृत्तीचा पूर्ण तपशील, प्रोसेसर, पर्यायांसह नेमकी आज्ञा, त्या २३ ओळी, काय यायला हवं आणि काय येतं. मागची कथा दोन वाक्यांत. माझ्या नोंदीवर दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला, आणि तो सॅनिटायझरबद्दल होता. उत्तर तयार होतं.

दुरुस्ती झाल्याचं कळलं की काम संपत नाही. ती आधी विकासशाखेत जाते. तुम्ही वापरता त्या आवृत्तीच्या शाखेत ती उतरवली का, हे नोंदीत वेगळं पाहावं लागतं. नसेल तर नम्रपणे विचारा. दरम्यान मी त्या एका फंक्शनवर ऑप्टिमायझेशन बंद ठेवलं आणि वर टिप्पणीत दोषाचा क्रमांक आणि ज्या आवृत्तीत दुरुस्ती येणार ती लिहिली. त्या २३ ओळी माझ्या चाचण्यांतही गेल्या. अकरा महिन्यांनी किमान आवृत्ती वाढवली, ती खूण काढली, चारही बिल्ड चालवले. चौघांनीही ७ छापलं.