कॉलेज फुटबॉल संघाचा हंगाम कसा वाचावा

अमेरिकेतील एखाद्या कॉलेज फुटबॉल संघाचा (हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकन फुटबॉल) हंगाम समजून घ्यायचा असेल, तर केवळ विजय-पराभवांची बेरीज पाहू नये. उदाहरणादाखल मिशिगन विद्यापीठाचा २०२३ चा हंगाम घ्यावा. १५-० (१५ विजय, शून्य पराभव) ही नोंद डोळे दिपवते खरी, पण सुरुवातीचे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते. म्हणून आधी वेळापत्रक तपासावे आणि खरी कसोटी नोव्हेंबरमध्ये शोधावी. ११ नोव्हेंबरला पेन स्टेटविरुद्ध, मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबित असताना, मिशिगनने उत्तरार्धात चेंडू फेकण्याऐवजी जवळजवळ सर्वस्वी धावण्यावर भर देऊन २४-१५ असा विजय मिळवला. संघाचा स्वभाव अशा सामन्यात उघड होतो, आकडेवारीच्या तक्त्यात क्वचितच. त्यानंतर पारंपरिक प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धचा ३०-२४ हा निकाल, रोझ बोल या उपांत्य सामन्यात अलाबामावर जादा वेळेत २७-२० अशी मात आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनवरील ३४-१३ हा विजय क्रमाने पाहावा. भारतातून थेट सामने पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: पूर्व अमेरिकेत शनिवारी दुपारी १२ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, तर नोव्हेंबरच्या प्रारंभी तिकडची घड्याळे मागे गेल्यावर साडेदहाला सुरू होतो.