घर तपासताना बेसिन काठोकाठ भरा

प्लंबिंगच्या कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका कुटुंबासाठी घर तपासायला गेलो, प्रत्येक नळ उघडला, धार बघितली, बंद केला आणि "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलं. ते राहायला आले आणि तिसऱ्या दिवशी खालच्या खोलीच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. बेसिनच्या वेस्ट कपलिंगखालचा, म्हणजे तळातल्या पाणी सोडायच्या तोंडाखालचा, वॉशर वाकडा बसला होता. नळाची बारीक धार निमूट निघून जायची, पण बेसिन भरून सोडलं की सांध्यातून पाणी बाहेर यायचं. मी बेसिन भरलंच नव्हतं. तेव्हापासून पाणी भरल्याशिवाय मी कुठलंही घर पास केलेलं नाही.

म्हणून जायच्या आधीच घरमालकाला पाणी आणि वीज सुरू ठेवायला सांगा. सोबत टॉर्च, टिश्यू पेपर आणि एक लोहचुंबक घ्या.

बेसिन आणि सिंकपासून सुरुवात करा. बूच लावून वरच्या भोकापर्यंत भरा आणि एकदम सोडा. पाणी उतरत असताना खाली वाकून बॉटल ट्रॅपच्या (बेसिनखालचा बाटलीसारखा भाग, ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं) प्रत्येक सांध्यावरून टिश्यू फिरवा. हाताला न जाणवणारी ओल टिश्यूवर लगेच उमटते. अँगल कॉकच्या, म्हणजे भिंतीतून नळाला पाणी देणाऱ्या छोट्या व्हॉल्वच्या, मागेही फिरवा. पाणी उतरताना गुडगुड आवाज येत असेल तर पाइपला हवा मिळत नाही किंवा पुढे कुठेतरी चोंदलंय.

फ्लश टँकमध्ये खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि 15 मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर आतला वॉशर गळतोय. दुरुस्ती किरकोळ, पण पाणी रात्रंदिवस जातं. मग कमोड दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. डुगडुगत असेल तर खालच्या सांध्यावर माझा भरवसा नसतो.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं तर उतार चुकलाय, आणि त्यासाठी फरशी उखडावी लागते. दुर्गंधी येत असेल तर लगेच घाबरू नका. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि गटाराची हवा वर येते. मगभर पाणी ओतून तासाभराने परत या. तरीही वास असेल तर कारण शोधायलाच हवं.

पाइप दिसत असतील तिथे चुंबक लावा. चिकटला तर लोखंडी जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला). तो आतून गंजून अरुंद होतो, आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी प्लास्टिक पाइप जोडलेला दिसला तर तो बदलावा लागेल, तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी हवा. शॉवर चालू असताना दुसरा नळ उघडून धार किती पडते बघा. टाकी छताच्या लगेच वरच असेल तर प्रेशर मुळातच कमी असतं. टाकीची उंची दर मीटरला जेमतेम 0.1 बार (बार हे दाबाचं माप) देते, त्यात पाइपचा दोष नाही.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्वकडे मात्र नीट बघा. त्याचं तोंड मोकळंच हवं. ठिबकतं म्हणून कोणी तिथे बूच मारलेलं असेल तर गीझर चालू करू नका, करू देऊही नका. वाढलेल्या प्रेशरला बाहेर पडायची तेवढीच वाट असते.

मग सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. वरची टाकी भरलेली असायला हवी, नाहीतर तिचंच पाणी मीटरवर चढेल. अर्ध्या तासात आकडा हलला तर कुठेतरी गळती आहे. आता घरातला मेन व्हॉल्व बंद करा. तरीही हलत असेल तर गळती मीटर आणि व्हॉल्वच्या मधल्या पाइपात, बहुधा जमिनीखाली.

तोवर तुम्ही सोडलेलं पाणी खालपर्यंत झिरपायला वेळ मिळालेला असतो. आता बाथरूमच्या खालच्या खोलीत जा आणि छतावर टॉर्च तिरका धरा. पोपडे, पांढरे क्षार, आणि चारही बाजू जुन्या असताना एकाच तुकड्याला दिलेला ताजा रंग शोधा. त्या तुकड्यावर तळहात टेकवून बघा.