प्रोस्टेट वाढलंय? मग या चुका टाळा

लघवीची धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागू लागला की बरेच पुरुष ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतात, नाहीतर कॅन्सरच्या धास्तीने झोप घालवतात. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी वयानुसार वाढते आणि वाट आवळते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून तपासणी हवीच.

रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणी तोडू नका. लघवी गडद होऊन जळजळते, बद्धकोष्ठ होतं आणि त्याने त्रास आणखी वाढतो. झोपण्याआधीचे दोन तास आवरलं तरी पुरे.

सर्वांत गाफील ठेवते ती सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं, तर क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोरच कमी करतं. बहुतेक गोळ्यांत यातलं एकतरी असतंच. आधीच अडणाऱ्या माणसाची लघवी एवढ्यानेही पूर्ण तुंबू शकते. ओटीपोट फुगलंय, कळा येताहेत आणि थेंबही उतरत नाही, अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. लगेच हॉस्पिटल गाठा, नळी घालावी लागते.

गोळ्या अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनचा गुण काही दिवसांत दिसतो. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडला ६ महिनेही लागतात. या दोन गोळ्यांनी रक्तातला पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासायला मोजतात तो घटक) कालांतराने निम्म्यावर येतो, त्यामुळे रिपोर्ट दाखवताना गोळी चालू असल्याचं सांगा. नाहीतर कमी आकडा बघून सगळेच निर्धास्त. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी रात्री पलंगावर क्षणभर बसून मगच उभं राहावं, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावं, कारण ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते.

सोनोग्राफीतला आकार बघून घाबरू नका. मोठ्या ग्रंथीवाला निवांत आणि लहान ग्रंथीवाला हैराण, असंही असतं.

आणि रात्रीच्या प्रत्येक फेरीचं खापर प्रोस्टेटवर नको. मधुमेह, पायांवरची सूज, झोपेत श्वास अडकणं यांनीही माणूस उठतो. ३ दिवस किती वाजता, किती मिली लघवी झाली हे मापाच्या भांड्याने मोजून लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. रात्री थोडी थोडी होते की भांडं भरून, यावरून त्यांना पुष्कळ कळतं.