ग्राउंडवर रंग सांडायच्या आधी (नवीन बाई-गुरुजींसाठी, माझ्या चुकांसकट)

पहिली नेमणूक मिळाली ती दोन शिक्षकी झेडपी शाळेत, पहिली ते चौथी, पट 34. वर्गांसमोर सिमेंटचा कोबा, साधारण 40 बाय 25 फूट, आणि त्याच्या पलीकडे मुरमाचं ग्राउंड. मधल्या सुट्टीत काय व्हायचं तर चौथीची सातआठ पोरं सगळं ग्राउंड अडवून क्रिकेट खेळायची, मुली पायरीवर नाहीतर नळापाशी, आणि पहिलीची लेकरं भिंतीला चिकटून डबा संपवत उभी. खिचडी खाऊन उरलेली पंधरा-वीस मिनिटं अर्धी शाळा जागची हलायचीच नाही.

'बाला' म्हणजे शाळेची इमारतच शिकायचं साधन, हे डीएडला वाचलेलं होतं, युनिसेफच्या मदतीने सुरू झालेला उपक्रम, बऱ्याच शाळांच्या भिंती-पायऱ्यांवर कोन आणि पाढे दिसतात ते त्यातलंच. मग काय, उत्साहात मी कोब्यावर खेळ रंगवून घ्यायला गावातल्या पेंटरदादांना बोलावलं. ते म्हणाले, मॅडम कोपऱ्यात एक मोर काढू का, छान दिसेल. म्हटलं काढा. मध्यभागी मोठी सापशिडी, 100 घरांची, फूटभराचं एक घर, म्हणजे 10 बाय 10 फूट जागा गेली. फोटो झकास आला, केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर टाकला, अंगठेच अंगठे.

आता सापशिडी खेळताना नीट बघा. एक जण फासा टाकतो, एक जण तीन घरं चालतो, बाकीचे सगळे कंबरेवर हात ठेवून उभे. म्हणजे पोरांना पळवायला म्हणून काढलं आणि पोरं रांगेत उभी केली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ते 17 वर्षांच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, आमच्या सापशिडीवर दम फक्त फासा पळवणाऱ्याच्या मागे धावताना लागायचा. सापशिडी वाईट आहे असं नाही, गणिताच्या तासाला मी वापरते, पण सुट्टीसाठी ती नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पेंटरदादांनी विचारलं ऑइल पेंट चालेल ना, माझ्याकडे शिल्लक आहे, मी म्हटलं चालेल, पैसे वाचले. जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसरीतला एक पोरगा त्या चकचकीत निळ्यावरून असा घसरला की हनुवटी फुटली, दोन टाके. त्याची आई दुसऱ्या दिवशी आली, भांडली नाही, नुसतं म्हणाली, "बाई, तिथं आता पोतं तरी टाका." मी त्या रात्री झोपले नाही. दिवाळीच्या सुट्टीत तेवढा भाग तारेच्या ब्रशने खरवडून काढला आणि तिथे बाहेरच्या भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग मारला, पहिला हात ओला असतानाच वर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवली, वाळल्यावर सुटी वाळू झाडून मग दुसरा हात. पायाला खरखर लागली पाहिजे. आणि अख्खे चौकोन रंगवायचेच नाहीत, नुसत्या रेषा मारायच्या, रंग कमी लागतो आणि घसरायला जागाच कमी राहते.

त्यानंतर मी पद्धतच बदलली. आधी रंग नाही, आधी खडू. दोन आठवडे रोज सकाळी खडूने एखादा खेळ आखायचा (मुरमावर फक्की) आणि सुट्टीत गप्प बसून बघायचं. जे पुसलं गेलं की पोरं "बाई, परत काढा" म्हणून मागे लागतात तेवढंच पक्कं करायचं. आमच्याकडे टिकली ती ठिकरी (तुमच्याकडे जिबली नाहीतर बिल्लस म्हणत असतील), डोंगर का पाणी, आणि सगळ्यात स्वस्त तळ्यात-मळ्यात, त्याला फक्त एक मोठा गोल लागतो आणि अख्खा वर्ग एकदम उड्या मारतो. गोल काढायला खिळा आणि सुतळी बास. सरळ रेषेला गवंड्यासारखं सूत मारायचं, दोरीला नीळ चोळून ताणायची आणि फटकारायची. काटकोन हवा असेल तर दोरीवर 3, 4, 5 फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणायचा, चौथीची पोरं हे स्वतः करतात आणि भूमिती आपोआप होते.

ठिकरीच्या घरांचं माप कुठून आणू हा माझा प्रश्न होता, नेटवर वेगवेगळी मापं दिसतात. शेवटी बादलीत पाणी घेतलं, दुसरीतल्या एका बारक्या मुलीला म्हटलं पाय बुडव आणि कोरड्या कोब्यावर लंगडी घालत जा. ओल्या पावलांचे ठसे उठले, ते वाळायच्या आत पट्टीने मोजले, सव्वा फुटाच्या आसपास. चौथीतल्या मुलाचे पावणेदोन. म्हणून दोन ठिकऱ्या काढल्या, लहान आणि मोठी. एकच काढली असती तर बारकी पोरं रेषेवरच पडली असती आणि "आउट, आउट" ऐकून परत भिंतीला जाऊन चिकटली असती.

जागा निवडताना दुपारी अनवाणी उभं राहून बघा. पोरं चपला काढून खेळतात आणि मार्चमध्ये गडद लाल-काळा रंग तव्यासारखा तापतो, मी पांढरा आणि पिवळाच ठेवलाय, छोट्यांचे खेळ कडुनिंबाच्या सावलीत. पाणी कुठे साचतं ते पावसाळ्यात बघून ठेवा, तिथे शेवाळ धरतं. नवीन कोबा असेल तर महिनाभर थांबा, नाहीतर रंगाच्या पापड्या निघतात.

क्रिकेटवाल्यांशी भांडू नका. त्यांना मुरमाची एक बाजू ठरवून दिली, कोबा बाकीच्यांचा. गंमत अशी झाली की रेषा आल्यावर मुली हक्काने बोलायला लागल्या, "बॉल इकडे आला तर देणार नाय, ही आमची ठिकरी हाय." आधी त्याच मुली जागा द्या म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या.

खो-खोचं पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटर, आपल्या अंगणात कुठलं बसतंय. मी एकच मधली पाटी आणि चारच चौक घेतले, पोरांना काही फरक पडत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 शाळेला मैदान असलं पाहिजे म्हणतो, पण लहान अंगणाच्या शाळा भरपूर आहेत, तिथे हे असंच कापून बसवावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर ऑइल पेंट जमेस न धरता रंग, ब्रश, चिकटपट्टी मिळून साडेतीन हजारांच्या आत झालं, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेतला, थोडं शाळा अनुदानातून, थोडं पालकांकडून. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, त्यांना आधी खडूचा खेळ दाखवा, एक आजोबा तर स्वतः ठिकरीत शिरले होते धोतर खोचून. ठरावाची नोंद विसरू नका, ऑडिटला विचारतात.

आणि रंग मारून विषय संपत नाही. तीन आठवड्यांनी आमच्याकडे गोल रिकामे दिसायला लागले. मग दर सोमवारी परिपाठानंतर एक नवीन खेळ त्याच रेषांवर शिकवायचा ठरवलं, तळ्यात-मळ्यातच्या गोलात विषामृत, ठिकरीत पाढ्यांच्या उड्या. सुरुवातीला मी स्वतः उड्या मारायचे, पदर खोचून, शेजारच्या वर्गातले सर खिडकीतून हसायचे, आता तेही येतात.

यंदा दिवाळीत परत हात मारायचाय. मागच्या आठवड्यात कुठे काय उडालंय ते बघत फिरले. दोन्ही ठिकऱ्यांची सुरुवातीची रेघ पार गेलीय, गोलाची कड निम्मी गेलीय, खो-खोची पाटी अंदाजानेच दिसते. सापशिडीची 70 च्या वरची घरं नवी कोरी, आणि मोराला तर कोणी पाय पण लावलेला नाही. या वेळी रंग कमी आणलाय, जिथे झिजलंय तेवढ्यापुरताच. मोराच्या जागी काय काढायचं ते पोरांनी खडूने आधीच आखून ठेवलंय, तो खेळ मला अजून कळलेला नाही.