मोहरी दाट उगवली, तरी उतारा का घटतो? पेरणी आणि विरळणीतील या चुका टाळा

डिसेंबरअखेर पिवळ्या फुलांनी गच्च भरलेले मोहरीचे रान बांधावरून पाहिले की उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, चांगलाच येणार, असे वाटते. मात्र मोहरीत उतारा ठरतो तो एकरात भरलेल्या शेंगा किती लागल्या, प्रत्येक शेंगेत दाणे किती पोसले आणि त्यांचे वजन किती भरले यावर. रोपांच्या गर्दीवर नाही. विदर्भात गहू-हरभऱ्याच्या कडेने दोन ओळी टाकण्याची पद्धत मागे पडून सलग मोहरी घेणारे शेतकरी वाढत आहेत. अशा वेळी कडेच्या ओळीत चालून जाणारी ढिलाई सलग पिकात महागात पडते.

पहिली चूक चाड्यापाशीच, म्हणजे बी सोडतानाच होते. मोहरीच्या टपोऱ्या वाणाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण 5 ग्रॅम असते, म्हणजे शिफारशीप्रमाणे एकरी 2 किलो बियाण्यात सुमारे 4 लाख दाणे पडतात. याउलट 45 सेंमी अंतराच्या ओळींत 10 सेंमीवर एक रोप ठेवायचे म्हटले, तर एकरात जेमतेम 90 हजार रोपे लागतात. शिफारशीतले बियाणेच गरजेच्या चौपट असते, कारण काही दाणे उगवत नाहीत आणि काही रोपे किडी खातात. असे असताना ‘उगवण कमी झाली तर?’ या धास्तीने तीन-चार किलो बी टाकणे म्हणजे पुढच्या कामाचा डोंगर आपल्याच हाताने उभा करणे होय. बारीक बी हातातून सारखे सुटत नाही, म्हणून त्यात बारीक वाळू किंवा चाळलेले शेणखत मिसळावे आणि वाफसा असताना 2 ते 3 सेंमी खोलीवर पेरावे. खोल पडलेला दाणा वर येत नाही आणि उगवणीचा दोष मग नाहक बियाण्यावर जातो.

दुसरी चूक सर्वांत मोठी आहे: विरळणी न करणे, म्हणजे जादा रोपे उपटून अंतर न राखणे. याबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण आमच्या रानात एका हंगामी हीच चूक झाली. हिरवीगार रोपे उपटायला हात धजावला नाही आणि मजुरीही वाचली, असे वाटले. पुढे रोपे उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत सरळ उंच गेली, खोडे पेन्सिलीएवढी बारीक राहिली, खालच्या फांद्या फुटल्याच नाहीत आणि शेंगा फक्त शेंड्याला लागल्या. ओलीत दिल्यानंतर वारा सुटला आणि पीक लोळले. लोळलेल्या भागातले एक पांढुरके पडलेले खोड उभे चिरले, तेव्हा आत कापसासारखी पांढरी बुरशी आणि उंदराच्या लेंड्यांसारखे काळे कण दिसले. ही स्क्लेरोटिनिया खोडकूज होती. दाट, दमट पिकात ती झपाट्याने पसरते आणि ते काळे कण जमिनीत काही वर्षे टिकून राहतात. अशी झाडे उपटून जाळावीत, धुऱ्यावर टाकू नयेत. दाट पिकात रस शोषणाऱ्या मावा किडीचाही बंदोबस्त अवघड होतो, कारण फवारा आतपर्यंत पोहोचत नाही.

विरळणी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांत पूर्ण करावी. काळ्या माशीच्या अळ्या कोवळी पाने खातात, म्हणून विरळणी दोन टप्प्यांत करणे मला अधिक सुरक्षित वाटते: आधी दाटी मोडावी आणि आठवडाभराने शेवटचे अंतर राखावे. अंदाजावर विसंबू नये. मीटरभर लांबीची काठी ओळीवर ठेवून शेतात पाच-सहा ठिकाणी रोपे मोजावीत. 10 सेंमी अंतरासाठी काठीखाली दहा रोपे यायला हवीत. वीस-बावीस आढळली, तर एकाआड एक रोप काढावेच लागेल. महिना उलटल्यावर केलेल्या विरळणीचा फायदा फारसा मिळत नाही, कारण तोवर खोड बारीक पडलेले असते.

रोपे पिवळी, किरटी दिसली की युरिया देण्याचा मोह होतो. पण कारण दाटी असेल तर जादा नत्राने खोड आणखी लुसलुशीत होते, पीक लोळते आणि मावाही वाढतो. आधी काठी टाकून मोजावे, मग खताचा विचार करावा.

उलट बाजूही आहे. मोहरीचे झाड मोकळी जागा मिळाली की फांद्या वाढवून ती भरून काढते, त्यामुळे ओळीत वीतभर खाडा पडला तर घाबरण्याचे कारण नाही. त्यात दोन-तीन आठवड्यांनी बी टोचले, तर ती रोपे सावलीत खुरटतात. मात्र संपूर्ण रान विरळ असेल तर तण माजते, फांद्या उशिरापर्यंत फुलत राहतात आणि खालच्या शेंगा वाळून तडकू लागल्या तरी वरच्या हिरव्याच असतात.

दुसरीकडचे अंतर जसेच्या तसे उचलणे हीदेखील चूकच आहे. कॅनडात मोहरीच्या कुळातील कॅनोला या तेलबियासाठी चौरस मीटरला 50 ते 80 रोपे धरतात, कारण तिथला हंगाम आखूड असतो आणि पीक एकसारखे पिकावे लागते. बिहारमध्ये काही शेतकरी कोवळी रोपे फार लांब अंतरावर लावून चांगले पीक घेतात, पण तिथे लागवड वेळेवर होते आणि प्रत्येक झाडाची निगा राखली जाते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरणी साधली तर 45 सेंमीची ओळ योग्य ठरते. नोव्हेंबरमध्ये पेरणी लांबली की झाडाला फांद्या फोडायला वेळ उरत नाही, तेव्हा दोन ओळींमधले अंतर 30 सेंमीवर आणून रोपांची संख्या वाढवावी.

दाटी राहूनच गेली असेल आणि पीक शेंगांत आले असेल, तर आता रोपे उपटू नयेत. वारा असताना ओलीत टाळावे, पाणी हलके द्यावे आणि लोळलेला पट्टा वेगळा कापून वेगळा मळावा, म्हणजे त्यातले बारीक, न पोसलेले दाणे चांगल्या मालात मिसळणार नाहीत.