कॅलरीमीटरवरचे माझे पहिले दिवस

उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांत मिसळल्यावर सुटणारी, उष्णता काढायचा माझा पहिला प्रयोग. 1 मोलार (लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल 50 मिली, तितकंच आणि त्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, आणि कॅलरीमीटर, म्हणजे उष्णता मोजायचं साधन, म्हणून झाकण असलेला थर्मोकोलचा पेला. उत्तर मोलमागे 57 किलोज्यूलच्या आसपास यायला हवं होतं. माझं आलं 71. आकडेमोड तीनदा तपासली, कुठेच चूक सापडेना. मग हायड्रॉक्साइडची बाटली हातात घेतली तर ती अजून कोमट होती! द्रावण नुकतंच बनवलेलं, आणि सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळतानाच भरपूर उष्णता सोडतं. मी मात्र सुरुवातीचं तापमान फक्त आम्लाचं घेतलं होतं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की दोन्ही द्रावणं आधी एका तापमानाला येऊ द्या. घाई झाली की हीच पायरी गाळली जाते. आपण वाचतो ते तापमान. उष्णता त्यावरून हिशोबाने काढतो. वरच्या प्रयोगात साधारण 100 ग्रॅम द्रावण असतं, म्हणजे एक अंश वाढीमागे जवळपास 418 ज्यूल. एकूण वाढ जेमतेम 6.8 अंश. त्यात अर्धा अंश चुकला तर उत्तर सात टक्क्यांनी हलतं. 0.1 अंशाच्या खुणांचा थर्मामीटर त्यासाठीच लागतो.

वेळेनुसार तापमानाचा आलेख काढायचा कंटाळा करू नका. मिसळण्याआधी चार-पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्या, नंतरही घेत राहा. आम्ल-आम्लारीची अभिक्रिया क्षणात होते, पण कॉपर सल्फेटमध्ये जस्ताची पूड टाकली की तापमान हळूहळू चढतं आणि तेवढ्या वेळात उष्णता बाहेर निसटतही असते. तिथे सर्वात मोठं वाचन धरलं तर उत्तर कमीच येणार. उतरती रेषा मागे, मिसळण्याच्या क्षणापर्यंत वाढवायची आणि वाढ तिथे मोजायची. हे हाताने एकदा केलं की डोक्यात पक्कं बसतं.

चिन्हाचा गोंधळ सगळ्यांचाच होतो: पाणी तापलं म्हणजे अभिक्रियेने उष्णता दिली, म्हणून ऋण चिन्ह.

पुढे बॉम्ब कॅलरीमीटर (पाण्यात ठेवलेलं, नमुना आत जाळायचं बंद भांडं) मिळाला की लगेच आपला नमुना जाळायला घेऊ नका. भांडं, पाणी, ढवळणी मिळून एका अंशाला किती उष्णता घेतात, हे आधी शुद्ध बेंझोइक आम्लाची गोळी जाळून काढावं लागतं. तिची ज्वलन-उष्णता ग्रॅमला सुमारे 26.4 किलोज्यूल. माझे पहिले दोन दिवस फक्त त्या गोळ्यांतच गेले.